गोटीरामची भाची

दिवाळे गाव,
१९ नोव्हेंबर

शेवंते,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज टाकला की एकच टिक येते. हरेशला मोबाईल दाखवला, तर म्हणाला, "आई, मावशीने तुला ब्लॉक केलंय." मग पोस्टात गेले आणि पाकिटं घेऊन आले. तुझ्या लेकीच्या लग्नात मुरुडला पंगती वाढल्यात मी, त्या घराचा पत्ता मला पाठ आहे.

चौथीनंतर हातात पेन धरलं ते फक्त सहीपुरतं. तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुझंही काही मोत्यासारखं नव्हतं.

आधी मुद्द्याचं सांगते. फोन मीच केला. गावात कोणी म्हणतंय संस्थावाल्यांनी केला, कोणी म्हणतंय पलीकडच्या शेडवाल्याने जळून केला. तसं काही नाही. मुलांच्या हेल्पलाइनला फोन सगुणाने केला, भर दुपारी, मासळी बाजारात आपल्या ओट्यावर बसून. आवाज माझा तुला माहीत आहे, चार ओटे ऐकत होते.

तू म्हणशील, आधी मला सांगायचंस. सांगितलं की गो! नारळी पुनवेला सांगितलं, शेवंते, शेडमध्ये कोळंबी सोलायला बारक्या पोरी ठेवू नका. तू म्हणालीस, सणाच्या दिवशी कुठं हे काढतंस. दसऱ्याला परत सांगितलं. तेव्हा म्हणालीस, "आपन नाय सोलली कोलबी? आपन मेलो काय?"

नाही मेलो. सोलली, म्हणूनच सांगत होते. आपण दोघी एकाच दिवशी शाळेतून उठलो. गुरुजी घरी बोलवायला आले तेव्हा होडीमागे लपून तोंडात परकर कोंबून हसत होतो. तेव्हा ती मोठी गंमत वाटली होती. आता ओट्यावर इंग्रजी पाटी वाचायची झाली की मी गिऱ्हाइकाला विचारते, तेव्हा ती गंमत कुठे जाते कोण जाणे.

फोनच्या आदल्या दिवशी तुझ्या शेडमधली ती उज्वला माझ्याकडे आली. "मावशी, हळद हाय का?" हात मागे लपवलेला. पुढे आणायला लावला, तर कोळंबीचा काटा जाऊन बोट पिकलेलं. म्हटलं, दवाखान्यात जा. म्हणाली, "सुट्टी नाय. ह्या हातानं सोलते ना." आणि हसली. बारा वर्षांचीसुद्धा नसेल गो ती. तुझ्या घरात हळद नव्हती असं मी म्हणत नाही. ती तुझ्याकडे मागायला घाबरली.

आता धाडीचं. तू वरच्या खोलीला कडी लावून बसलीस आणि दुसऱ्या दिवशी मुरुडला लेकीकडे निघून गेलीस, म्हणजे तुला निम्मं कळलंच नाही.

कामगार खात्याची बाई आली होती, राजश्री इंगोले तिचं नाव. ऐरोलीला राहते. बरोबर पोलीस आणि संस्थेची माणसं. दारातच कोळंबीच्या पाण्यावरून घसरली आणि बसली धपकन. मला वाटलं आता चिडणार. उठली, पँट झटकली आणि म्हणाली, "चला, पत्ता तर बरोबर आहे."

आत चार पोरी, बर्फात हात घातलेल्या. तुझा नवरा, गोटीरामदादा, मध्ये आला. "मॅडम, ह्या आमच्या घरच्याच पोरी. घरच्या धंद्यात घरची पोरं हात लावतात. कायद्यात बसतं ते."

"शाळा सुटल्यावर घरच्यांना मदत केली तर बसतं," मॅडम म्हणाली. "ही कोण लागते तुमची?"

"भाची."

"सख्ख्या बहिणीची?"

"हां मंग!"

मॅडम उज्वलाशेजारी उकिडवी बसली. "काय गं, तुझ्या मामांचं नाव काय?"

पोरीने पत्र्याकडे बघितलं, नळाकडे बघितलं, गोटीरामदादाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "शेठ."

"शेठ काय?"

"मोठे शेठ."

हवालदाराला खोकला आला. मॅडमने विचारलं, "आणि गाव कुठलं तुझं?"

"हिंगोली जिल्हा."

मॅडम तुझ्या नवऱ्याला म्हणाली, "बहीण फार लांब दिलीत हो तुम्ही."

शेवंते, मी खिडकीत उभी होते. मला हसू आवरलं नाही आणि ते त्याने पाहिलं. त्या हसण्याची माफी मागते. फोनची मागणार नाही.

तू गेलीस त्याच संध्याकाळी दादाला जामीन मिळाला, काळजी करू नकोस. पोरींना मुलींच्या बालगृहात नेलं.

माझं उत्तम चाललंय. ओट्यावर गर्दी नसते, आराम मिळतो. दुपारचा चहा एकटीच घेते. सवयीने दोन कप सांगते आणि दोन्ही पिते, त्याने थोडं पित्त होतं, एवढंच.

तुझी
सगुणा

*

दिवाळे,
१४ डिसेंबर

शेवंते,

उत्तर आलं नाही. मुरुडचा पोस्टमन आळशी असेल.

बाजारात माझी जागा बदलली. गावच्या मंडळींनी ठरवलं की मी आता शेवटच्या ओट्यावर बसायचं, गटाराच्या बाजूला. तिथं सकाळचं ऊन छान लागतं, थंडीत बरं. गिऱ्हाईक तिथपर्यंत येता येता दमतं, पण जे येतं ते घेतल्याशिवाय जात नाही. हरेश म्हणतो, ऐरोलीला फ्लॅटवर ये, टेन्शन कशाला घेतेस. पंधराव्या मजल्यावर मी काय करू, ढगांना बोंबील विकू?

आता पोरींचं. तिघींचे आईबाप आले आणि गावी घेऊन गेले. तिकडची समिती त्यांच्या शाळेचं बघणार आहे. उज्वला मात्र राहिली. मला जबाब द्यायला बालकल्याण समितीपुढे बोलावलं होतं, तिथं ती भेटली. बोट बरं झालंय. म्हणाली, "मावशी, हितं उठायचं, खायचं, खेळायचं, परत खायचं. लई बोअर होतंय."

तिची आई दुर्गाबाई पण आली होती. नवरा नाही बिचारीला. उलव्याकडे टॉवरच्या साइटवर विटा वाहते. मला बघितलं आणि जी सुटली! "तुमी फोन केला अन् मोकळ्या झालात बाई! माझं लेकरू तोडलं माझ्यापसून. काय मिळालं तुमाला?"

शेवंते, तू मला ओळखतेस, भांडणात मी कधी मागे नसते. पण त्या दिवशी मी समोरच्या टपरीवर गेले. तिला वडापाव आणून दिला. आधी नको म्हणाली, मग खाल्ला. खाता खाता म्हणाली, "साइटवर पोरगी ठेवायची कशी? रात पडली की माणसं पितात. शेडमदी बाया असतात, शेवंताबाई चहा देतात, म्हणून धाडलं हुतं."

हे तुला मुद्दाम कळवते आहे. त्या बाईला तुझं घर सगळ्यात सुरक्षित वाटलं होतं. मी रागावलेली असले तरी हे खरं आहे आणि ते तुझ्यापर्यंत पोहोचायला पाहिजे.

समितीच्या बाईंनी दुर्गाबाईला विचारलं, मुलीला घेऊन कुठे राहणार? ती म्हणाली, साइटवरच्या पत्र्यात. समितीने मान हलवली, तिथं मुलगी देता येणार नाही. राहायला सुरक्षित जागा आणि मुलगी रोज शाळेत, असं असेल तर देऊ. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "माझी मागची खोली रिकामी आहे."

ते मीच म्हणाले होते. मला पण नंतर कळलं.

मग घर तपासायला माणसं आली. हरेशची मागची खोली बघितली, नळ बघितला, संडासाची कडी तीनदा लावून काढून बघितली. मी म्हटलं, माझ्या लग्नातसुद्धा माझं एवढं बघितलं नव्हतं. राजश्री मॅडम हसली नाही, पण वहीत तोंड खुपसलं.

परवा दोघी राहायला आल्या. दुर्गाबाई साइटवरून येते आणि न बोलता माझ्या अंगणाला झाडू मारते. अजून रागावलेली आहे. झाडूच्या आवाजावरून कळतं. पण घरात ताटं तीन लागतात आता.

सगुणा

*

दिवाळे,
२२ जानेवारी

शेवंते,

आज तुला खूप आनंद होणार आहे. बसून वाच. माझ्यावर धाड पडली.

झालं असं. उज्वलाला महापालिकेच्या शाळेत घातली. वयाप्रमाणे सहावीच्या वर्गात बसवतात आणि मागे राहिलेलं वेगळं शिकवतात. दप्तर मिळालं, युनिफॉर्म मिळाला. मी आणि दुर्गाबाई दोघी सोडायला गेलो, फोटो काढला. मला वाटलं, झालं, सुटलो आपण.

कसलं काय. पोरगी रोज पोट दुखतं म्हणायची. शाळेच्या वाटेवरून परत यायची. विचारलं तर म्हणते, "मावशी, शेडमदी मी समद्यात फास्ट हुते. मोठ्या बाया माझ्या मागं राहायच्या. हितं मी समद्यात ढ. बारकी बारकी पोरं धडाधडा वाचतात अन् मी बघत बसते."

मला वाटायचं, पोरगी शेडमधून सुटली म्हणजे खूशच असणार. तिच्याकडे एकच गोष्ट होती जिच्यात ती पहिली होती, आणि ती मी फोन करून काढून घेतली. असं काही होईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मंगळवारी मी बर्फ आणायला गेले होते. परत येते तर ओट्यावर गर्दी! माझ्या ओट्यावर, गटाराजवळ! बघते तर मध्ये ही बया युनिफॉर्मवर माझा एप्रन बांधून बसलेली. पापलेट साफ करतेय आणि गिऱ्हाइकाला सांगतेय, "ताजा हाय ताई, डोला बघा डोला!" शाळेच्या मधल्या सुट्टीतून पळून आलेली. मी कान धरून तिला उठवतेय तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा. कोणी हलायचं नाही."

राजश्री मॅडम! बरोबर हवालदार. गावातल्याच कोणीतरी फोन केलेला. मी फिरवला होता त्याच नंबराने मला उत्तर दिलं म्हण.

"नाव?" मॅडमने विचारलं.

"मॅडम, तुम्ही ओळखता ना मला."

"ओळखते. नाव सांगा."

सांगितलं. मग एकेक प्रश्न. मुलीला इथे कोणी बसवलं? कधीपासून बसवता? उज्वला रडत म्हणाली, मी माझ्या मनानं आले. मॅडम तिला शांतपणे म्हणाली, "बाळा, असंच सांगायला पुष्कळ मुलांना शिकवलेलं असतं." शेवंते, सगळा बाजार गोळा झालेला, माझ्या बाजूने एक तोंड उघडेना. आणि दुर्गाबाईचं काय होणार, पोर परत बालगृहात जाणार का, हेच डोक्यात.

तेवढ्यात गर्दीतून एक माणूस पुढे आला. हातात सुरमईची पिशवी. तुझा नवरा.

मी डोळे मिटले.

"मॅडम," गोटीरामदादा म्हणाला, "मी मगाधरना हितंच उभा हाय. ही बाय बरफ आनाला गेली. पोर मागनं आली, चप्पल काढली न गिऱ्हाईक करत बसली. सगुना आली तवा तिनं तिला कान धरून उठवली. बसवली नाय कोनी."

मॅडमने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हे तुम्ही सांगताय? यांच्या फोनवरून तुमच्यावर केस झाली आहे."

"ठाव हाय मना. म्हनून काय खोटा बोलू?"

मागून कोणतरी कोळीण ओरडली, "काय रं गोटीराम, ही पन तुजी भाचीच नं?" आणि सगळा बाजार खदाखदा हसला.

दादाचं तोंड लाल झालं. मला वाटलं, आता पिशवी टाकून जातो. पण उभा राहिला. म्हणाला, "नाय. माजी कोन नाय ती. तवा पन नव्हती. लिवून घ्या मॅडम, आता समद्यांच्या म्होरं बोललोय."

हसणं थांबलं. मॅडमने खरंच लिहून घेतलं.

मला सोडलं, पण नुसतं नाही. शाळेच्या हजेरीवर आता माझी पण सही लागते दर आठवड्याला. जाताना मॅडम हळूच म्हणाली, "राग मानू नका. ओळखीच्या माणसाला सोडलं तर अनोळखी माणसाला पकडायचा हक्क राहत नाही." मी म्हटलं, राग कसला, दोन पापलेट घेऊन जा. म्हणाली, पैसे देऊन नेईन, आणि मुलीने साफ केलेलं नको.

दादा मात्र माझ्याशी एक शब्द न बोलता गेला. पण सुरमईची पिशवी माझ्या ओट्यावर विसरला. मी तुमच्या दाराला अडकवून आले.

तुझी सगुणा

*

दिवाळे,
११ मार्च

शेवंते,

घसा बसलाय, म्हणून आज लिहायला वेळच वेळ आहे. बोलता येत नाही तर करणार काय.

आधी पोरीचं. त्या धाडीनंतर मी ठरवलं, हिला शाळेत ढकलून काही होणार नाही. हिला जिंकायला कोणीतरी पाहिजे. संध्याकाळी तिचं मराठीचं पुस्तक घेऊन बसले. म्हटलं, एक ओळ तू, एक ओळ मी, बघू कोण पुढे जातं. पहिले दिवस मीच पुढे. मग एकदा मी 'विद्युत' वर अडकले. द आणि य असे एकमेकांच्या अंगावर चढलेले, मला कुठून सुरू करायचं तेच कळेना. ती म्हणाली, "सरका मावशी," आणि घडाघडा पुढे गेली. पानाच्या शेवटी पोचून मागे वळून बघितलं तर मी अजून विद्युतमध्येच.

काय हसली! घरात आल्यापासून पहिल्यांदा पोटभर हसली. दुर्गाबाई झाडू घेऊन आत आली, काय झालं म्हणून. तिला सांगितलं तर ती पण हसली. आम्हा दोघींचं भांडण तिथं संपलं असावं, कारण त्या रात्रीची भाकरी तिने थापली आणि पहिली मला वाढली.

उज्वलाला वाटतं मी मुद्दाम हरले. शेवंते, तुला सांगते, खरंच हरले गो. दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत सांगत सुटली, मी एका म्हातारीला हरवलं. म्हातारी म्हणे! पण त्या दिवसापासून पोट दुखायचं थांबलं. आता वर्गातल्या एका पोराच्या मागे लागलीय, त्याला मागे टाकायचं म्हणते.

आता कोर्टाचं. गुरुवारी तारीख होती. मी साक्षीदार, तुझा नवरा आरोपी. सकाळी नाक्यावर रिक्षाला उभी राहिले, तर एकच रिक्षा आली आणि पलीकडून दादाने पण हात केला. रिक्षावाला म्हणाला, "दोघं कोर्टातच ना? मंग बसा, दुसरी रिक्षा नाय यायची." काय करणार? बसलो. मध्ये माझी पिशवी ठेवली.

मग तो समोर बघत म्हणाला, "काय सांगनार तू?"

"खरं." माझा आवाज असा निघाला, जसा पंक्चर टायरातून निघतो.

"ऐकाला तरी येल का साहेबांना?"

मी मान हलवली. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाला, "त्या पोरीच्या बोटाचा मना ठाव नव्हता, सगुने. खरंच नव्हता."

"विचारलं असतं तर कळलं असतं, दादा."

"हां," तो म्हणाला. मग कोर्टाच्या दारात उतरताना गुडघा धरून उभा राहिला आणि म्हणाला, "तुजा घसा बसलाय. ऱ्हाऊ दे. मीच सांगतू."

आणि आत जाऊन त्याने स्वतःच सांगितलं, शेवंते. वकील कोट ओढत होता तरी सांगितलं. पोरी नात्यातल्या नव्हत्या, लहान आहेत हे माहीत होतं, कामाला ठेवल्या होत्या. साहेबांनी दोनदा विचारलं, समजून बोलताय ना? तो म्हणाला, हो साहेब, घरून ठरवूनच आलोय. दंड झाला. तुरुंग टळला. मुलांच्या पुनर्वसनाचे पैसेही भरायचे आहेत, ते त्या पोरींच्या नावाने राहतील.

बाहेर आल्यावर त्याने मला उसाचा रस पाजला. माझ्या घशासाठी बर्फ न घालता. मी विचारलं, शेवंता कशी आहे? म्हणाला, "मना काय ठाव. माजाशी पन बोलत नाय ती." मग ग्लास ठेवत म्हणाला, "भाकरी करपते रोज."

हे शेवटचं त्याने तुला कळवायला सांगितलेलं नाही. मी माझ्या मनाने कळवते आहे.

सगुणा

*

दिवाळे,
२ एप्रिल

शेवंते,

घाईत लिहिते. धाडीपासून बंद असलेली शेड परत उघडली. आता सगळ्या मोठ्या बाया आहेत. हातमोजे आणलेत. बसायला पाट केलेत, भिंतीवर कामाच्या वेळेची पाटी लावलीय. दुर्गाबाई विटा सोडून तिथं लागली. तिला विचारलं, कसं वाटतं? म्हणाली, "पाय भाजत नाहीत बाई, गार लागतं." गोटीरामदादाने तिला पहिल्या दिवशी चहा दिला, पण तो तुझ्यासारखा नव्हता म्हणे. गवती चहा नव्हता त्यात.

माझी बाजारातली जागा मला परत देत होते. मी नको म्हटलं. गटार साफ करून घेतलं आणि तिथंच बसते. ऊन खरंच छान लागतं.

पाकिटात दुसरा कागद आहे तो उज्वलाचा. तिने स्वतः लिहिलाय, मी वाचला नाही. म्हणजे वाचायला मागितला होता, तिने दिला नाही.

सगुणा

*

शेवंतामावशी यांना,

नमस्कार. मी उज्वला. शेडमधली.

तुम्ही मला रोज चहा आणि खारी देत होता. ते मला आवडायचं. आई भेटायला यायची म्हणून खारी मी अर्धी तिला ठेवत होते.

मला तुमचा राग नाही. थोडा आहे. माझं बोट दुखत होतं तेव्हा तुम्हाला सांगायला मला भीती वाटली. काम जाईल असं वाटलं. तुम्ही मला कधी विचारलं नाही की तू शाळेत का जात नाहीस. मी रोज वाट बघत होते असं नाही. पण कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

आता मी शाळेत जाते. मी सगुणामावशीपेक्षा फास्ट वाचते. जोडाक्षरं पण येतात.

तुम्ही परत आलात तर मी तुम्हाला घाबरणार नाही. कारण मी आता तुमच्याकडे कामाला नाही.

सगुणामावशी दोन कप चहा सांगते. दुसरा कप ती मला देत नाही. तो शेवंताचा आहे म्हणते आणि स्वतःच पिते.

तुमची
उज्वला

*

दिवाळे,
१६ एप्रिल

शेवंते,

मी तुला पाच महिन्यांत इतकी पत्रं लिहिली, तू एकाला उत्तर दिलं नाहीस. त्या पोरीने एक कागद खरडला आणि तिला उलट टपाली उत्तर! पोस्टमनने पाकीट दिलं, मी हात पुढे केला, तर म्हणतो, "तुमचं नाय, कुमारी उज्वला यांचं हाय." कुमारी उज्वला कॉलर ताठ करून पाकीट घेऊन गेली.

संध्याकाळी आम्ही जेटीवर बसलो होतो, दुर्गाबाई पण होती. मी म्हटलं, पत्र खाजगी असेल तर राहू दे. ती म्हणाली, खाजगी कसलं, मला सगळं वाचता येतं. आणि उभी राहिली, वर्गात राहतात तशी, आणि मोठ्याने वाचायला लागली.

तू लिहिलंस, "बोटाबद्दल मी विचारायला पाहिजे होतं." तू लिहिलंस, "विचारलं असतं तर तुला कामावर ठेवता आलं नसतं, म्हणून विचारलं नाही." इथं ती जराशी थांबली. मग परत पहिल्यापासून ते वाक्य वाचलं. दुर्गाबाईने डोळ्याला पदर लावला. मी खाडीकडे बघत होते, तिथं एक होडी येत होती.

पोरगी पुढे वाचत गेली. गोटीरामने कोर्टात काय सांगितलं ते तुला मुरुडला कळलं, ते वाचलं. खारी आणते, ते वाचलं. एकदा वाचायला लागली की ती थांबत नाही, जे समोर येईल ते वाचते. त्यामुळे हेही वाचलं, त्याच आवाजात, त्याच दमात: "मी सोमवारी एसटीने येते. सगुणाला सांगू नकोस. ती उरण फाट्यावर येऊन सगळ्यांसमोर गळ्यात पडून रडेल आणि मग मला पण रडावं लागेल."

मग तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. तिने हळूच कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "मावशी, हे तुमी ऐकलं नाय."

मी म्हटलं, मला कमी ऐकू येतं.

तर शेवंते, मला काही माहीत नाही. हे पत्रही तुला आलेलं नाही, स्पीड पोस्टाने जे आलंय ते विजेचं बिल असेल. सोमवारी मी ओट्यावर असेन, फाट्यावर येणार नाही, कोणाच्या गळ्यात पडणार नाही. तुला घ्यायला उज्वला येणार आहे, दुर्गाबाई तिला घेऊन येईल. पिशव्या तिच्या हातात देऊ नकोस, तुझ्या तू उचल.

आणि दुपारचीच एसटी धर. सोमवारी तिचा मराठीचा पेपर आहे. तू सकाळच्या गाडीने आलीस तर शाळा सुटेपर्यंत तुला फाट्यावर बसून राहावं लागेल.

तुझीच
सगुणा